ठिबकचा इलाज

रोहिणीपुढं सरकवलेल्या कागदावर चारच ओळी होत्या आणि चारही खोट्या होत्या. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' अशी सुरुवात, 'मी स्वखुशीने काम सोडत आहे' असा शेवट. खाली सहीला जागा, शेजारी टोपण काढून ठेवलेलं पेन. ती तयारी बघूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दूध संघ बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर होता. दोन्ही तालुक्यांतल्या गाईंच्या गळ्यात संघानं पट्टे बांधले होते. गाय रवंथ किती करते, अंगात ताप आहे का, हे त्या पट्ट्यांवरून संघाच्या संगणकांना समजायचं आणि कास सुजायच्या आधीच मालकाच्या मोबाइलवर निरोप जायचा. कपाटाएवढ्या दोन रॅकमध्ये रचलेले ते संगणक इतके तापायचे की नुसत्या पंख्यांनी भागत नसे. बारीक नळ्यांतून एक खास द्रव सतत फिरता ठेवावा लागे. द्रव किती सोडायचा, पंखे किती जोरात फिरवायचे, हे यंत्रणा आपलं आपण ठरवायची. ती सांभाळायला संघानं लोणी भापकरच्या बिरदेवची मुलगी रोहिणी हिला कामावर घेतलं होतं. डिप्लोमा झालेली, कामाला वाघ आणि उगाच कुणाचं ऐकून न घेणारी. शेवटचा गुण मुलाखतीत कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

दहा दिवसांपूर्वी यंत्रणेनं इशारा दिला की द्रव नीट वाहत नाहीये. रोहिणीनं बघितलं तर गाळणी तुंबलेली. तिनं नवी मागवली. ती यायला आठवडा लागणार होता, म्हणून तोवर निम्मे संगणक बंद ठेवले. ते रणजितला खपलं नाही. रणजित म्हणजे संघाचे अध्यक्ष विजयसिंह यांचा पुतण्या आणि देखभाल विभागाचा प्रमुख. घरचा वीस एकर ऊस ठिबकवर असल्यामुळं ज्याला नळी आहे ते सगळं आपल्याला कळतं, असा त्याचा ठाम समज. ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबल्या की पाण्यातून ॲसिड सोडायचं, नळ्या मोकळ्या. हा इलाज त्या भागात शेंबडं पोरही सांगेल. पण शेंबडं पोर संगणकाच्या खोलीत शिरत नाही, एवढाच काय तो फरक.

तो रविवारी शिरला. रोहिणी सुट्टीला घरी होती. यंत्रणेनं एरवी कुणाला हात लावू दिला नसता, पण संघाची एक जुनी रीत होती. सगळ्या चाव्या हापिसातल्या खिळ्यांना आणि सगळे पासवर्ड चाव्यांच्या रजिस्टरात. रोहिणीनं या रीतीवरून दोनदा भांडण काढलं होतं आणि दोनदा आगाऊ ठरली होती. रणजितनं रजिस्टरातून तिचा पासवर्ड घेतला, यंत्रणेला गप्प केलं आणि टाकीत ॲसिड ओतलं. तेही सढळ हातानं.

मंगळवारी नळ्यांचे सांधे खाऊन द्रव बाहेर आला आणि एक रॅक जागीच गेला. नोंदीत रविवारी अकरा वाजता नाव होतं रोहिणीचं. टाकी रिकामी करताना वास आला तसं तिनं दुधाच्या प्रयोगशाळेतली निळी लिटमस पट्टी बुडवून बघितली. ती तांबडी झाली. तिनं ती विजयसिंहांना दाखवली. ते म्हणाले, द्रव नासला असेल, नीट बघायचं काम तुझंच होतं. रणजितला आत जाताना बघितल्याचं वॉचमननं तिला हळूच सांगितलं होतं, पण अध्यक्षांपुढं त्या भल्या माणसाला काहीएक आठवेना.

आणि आता हा कागद. एवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यांनी तिच्या बापाला बोलावून घेतलं होतं. बिरदेव टोपी हातात धरून दारापाशी उभा होता. खुर्ची देऊनही बसला नव्हता. त्याच्या चार गाईंचं दूध संघालाच जायचं.

"बिरदेवराव, पोरगी हुशार हाय," विजयसिंह मायेनं म्हणाले. "पर चूक झाली तर कबूल करावी. आमी काय पोलिसात देतोय का? सही करायची, गुमान घरी जायचं."

"घरनं मोबाइलवर काय तरी चाळा केला तिनं," रणजित म्हणाला. "नोंदच हाय की तिच्या नावाची."

"सही कर बाई," बिरदेव म्हणाला. "मोठ्या माणसाच्या तोंडी लागू न्हाय."

रोहिणीनं त्याच्याकडं वळून बघितलं. "आबा, रविवारी मी कुठं हुते?"

"घरीच हुतीस."

"काय करत हुते?"

"मोबाइलमदी डोकं हुतं की तुझं." बिरदेव खाली बघत म्हणाला. "रणजितदादा खोटं कशाला बोलतील?"

रणजितचा राग तिला सकाळपासून होताच. पण हे ऐकल्यावर तो राग काहीच नव्हता असं तिला वाटलं. तेवीस वर्षं ज्याच्या ताटात जेवली त्या माणसाला तिच्यापेक्षा रणजितचा शब्द खरा वाटत होता. ती ताडकन उठली, संगणकाच्या खोलीतून टाकीतल्या द्रवानं भरलेली बादली उचलून आणली आणि अध्यक्षांच्या काचेच्या टेबलावर धाडकन ठेवली. विजयसिंहांनी घाईघाईनं आपला चहा उचलला.

"ह्यात तुमी काय ओतलं न्हाय ना?" तिनं रणजितला विचारलं. "मग हात घाला. कोपरापत्तोर."

रणजित हसला. "मी कशाला? तुझं पाणी, तूच घाल."

"लई झालं रोहिणी!" बिरदेव पहिल्यांदाच ओरडला. पोरीनं अध्यक्षांच्या टेबलावर बादली आदळली, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. टोपी खुर्चीवर टाकून तो पुढं आला. "हिच्या नादी लागू नका, दादा. मी घालतो. तुमच्या शब्दावर माझा इश्वास हाय." धारा काढून काढून भेगाळलेल्या हाताची बाही त्यानं वर सारली आणि हात बादलीत नेला.

"तात्या, नगा!" रणजितनं झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. "ॲसिड हाय त्यात! ठिबकचं! कातडं सोलून निघंल!"

रणजितला आपण काय बोललो ते उशिरा उमगलं, आणि त्यानं मनगट सोडलं.

"बरं, झालं ते झालं," विजयसिंह चहा खाली ठेवत म्हणाले. "कागद ऱ्हाऊ दे. उद्यापासनं ये कामावर."

"येणारच हाय," रोहिणी म्हणाली. तिनं कागद उलटा करून कोरी बाजू रणजितपुढं सरकवली. पेन तर उघडंच होतं. "आता बोलला ते लिवा. रविवार, अकरा वाजता, काय ओतलं. खाली तुमची सही."

त्यानं काकाकडं बघितलं. काका बादलीकडं बघत होते. मग त्यानं लिहिलं. रोहिणीनं शब्दन् शब्द वाचून घेतला, सही बघितली, मोबाइलवर फोटो काढला आणि बाहेर पडली.

बिरदेव टोपी घालत मागून धावत आला. फाटकापाशी त्यानं तिला गाठलं.

"पोरी, आत्ता पटलं मला. तुझी काय सुदीक चूक नव्हती."

"व्हय," रोहिणी न थांबता म्हणाली. "रणजितदादा बोलले तवा पटलं."