पेलाभर निळं

उस्तादांना पातळ पदार्थ आवडत, फक्त ते डब्यात असावेत आणि भिंतीला लावायचे असावेत. पोटात जाणारं काहीही त्यांना चावता यायला हवं होतं. पण महिनाभराच्या तापातून उठल्यावर चावणंही नको झालं, आणि त्यांचा शर्ट हँगरवर असल्यासारखा त्यांच्या अंगावर लोंबू लागला. डॉक्टर म्हणाले, दिवसातून एकदा काहीतरी पातळ आणि पौष्टिक पाजा. उस्ताद म्हणाले, आधी डॉक्टरला पाजा, जगला तर मला सांगा.

उस्ताद म्हणजे घरातल्या सुनेचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घरं, शाळा, दवाखाने, ऑफिसं रंगवली होती, आणि एकदाही शेड कार्डाला हात लावला नव्हता. शेड कार्ड म्हणजे आंधळ्यांची काठी, असं ते म्हणत. रंगाच्या दुकानात छटा मिसळायचं मशीन आलं तेव्हा ते मुद्दाम बघायला गेले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "या फ्रिजला डोळे कुठे आहेत?"

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. तिथेच तिला ते पाकीट दिसलं: निळ्या शेवाळाची पावडर. पाकिटावर सत्तावीस फायदे छापले होते. एका चमचाभर भुकटीचे सत्तावीस फायदे असतील तर छापणाऱ्याला आकडे मोजता येत नसावेत, असं तिचं मत होतं. पण हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, मालक शेजारीच बसलेला असतो. तिने पाकीट उचललं ते फायद्यांसाठी नाही, रंगासाठी. हा माणूस जन्मात कशाला भुलला असेल तर निळ्या रंगाला. बाकी ताकद दूध आणि बदाम बघून घेतील.

रविवारी सकाळी तिने भिजवलेले बदाम सोलले, खजुराच्या बिया काढल्या, एक केळं, थंड दूध आणि पाव चमचा ती पावडर असं सगळं मिक्सरमधून काढलं. पेल्यात स्वच्छ, फिका निळा रंग उतरला. तिची आठ वर्षांची मुलगी, जिला गोडाच्या वासावर येते म्हणून सगळे मुंगी म्हणत, लगेच येऊन बोट बुडवून गेली. तिच्या नवऱ्याने वास घेतला आणि माशांची टाकी आठवली म्हणाला. नवऱ्याच्या मताला घरात किंमत नव्हती.

उस्तादांनी पेला घेतला, खिडकीशी नेला, उजेडात धरला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

"हिरवं आहे," ते म्हणाले.

"निळं आहे, बाबा."

"मला शिकवतेस? हा दवाखान्यातला खालचा पट्टा आहे. चार फुटांपर्यंत ऑइल पेंट, वर पांढरा. तीन मजले मारलाय मी हा. आता भिंत प्यायची का?"

"आबा, निळंच आहे की," मुंगी म्हणाली.

"तुझ्या आईने तुला पढवलंय. बोट दाखव. बघ, बोटसुद्धा हिरवं!"

मुंगीने आपलं निळं बोट बघितलं, मग आईकडे बघितलं. नवऱ्याने आपल्या ताटात बघितलं. अडचणीच्या वेळी ताटात बघण्यात त्याचा हातखंडा होता.

खरं म्हणजे ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी उस्तादांनी स्वयंपाकघराची भिंत स्वतः रंगवायला घेतली होती. "लोण्याचा रंग देतो," म्हणाले. पांढऱ्यात पिवळा टाकला, बघितलं, फार पिवळा झाला म्हणून थेंबभर निळा टाकला, पुन्हा बघितलं, पुन्हा थेंब टाकला. असं करत करत जी भिंत उभी राहिली ती नीळ जास्त पडलेल्या चादरीसारखी होती. उस्ताद मागे सरकले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "याला म्हणतात लोणी." सगळे म्हणाले, वा. तेव्हापासून सून रोज त्या थंडगार भिंतीसमोर उभी राहून स्वयंपाक करत होती आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होती.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की भिंग पिवळं पडलंय, सगळं पिवळ्या काचेतून दिसतंय, ऑपरेशन करून घ्या. उस्तादांनी त्या चिठ्ठीचं नरसाळं केलं आणि त्यातून बाटलीत टर्पेंटाइन ओतलं. रंगाऱ्याच्या डोळ्याला सुरी लावायची नाही, हा त्यांचा शेवटचा शब्द. पुढे कोणी विषय काढला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला या घरातले सगळे उंदीर दुसऱ्याला पुढे ढकलत.

पण आता गळ्याशी आलं होतं. नवराही रंगकामच करायचा, आणि त्याला लायब्ररी रंगवायचं काम मिळालं होतं. तिथला मोठा हॉल बारा वर्षांपूर्वी उस्तादांनीच रंगवला होता, एका निळ्या रंगात, ज्याच्यासाठी लोक म्हणे पुस्तक न घेताच येऊन बसत. पुढे छत गळलं, भिंती पोपडल्या, आणि आता सगळं खरवडून नवा गिलावा झाला होता. लायब्ररीच्या बाईंनी बजावलं होतं की रंग तोच हवा आणि तो उस्तादांनीच मिसळायला हवा. सोमवारी सकाळी, त्यांच्या समोर. उस्ताद तापातून त्या सोमवारसाठीच उठले होते. जुना रंग भिंतीवर कुठेच उरला नव्हता, पण ते म्हणत, "तो माझ्या डोळ्यांत आहे." नेमकी तीच तर भीती होती. आठवणीतून मिसळला तर हॉलभर शाई होणार, आणि चाळीस वर्षांचं नाव गावासमोर पुसलं जाणार.

"तूच सांग ना त्यांना," नवरा तिच्यामागे स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला. "तुझं ऐकतात."

"माझं? साधं दूध ऐकलं नाही त्यांनी माझं."

बाहेरून आवाज आला, "काय कुजबुज चाललीय? निळा कशाला म्हणतात ते विसरलात सगळे. या, दाखवतो!"

उस्ताद लुंगी खोचून आत आले आणि मिक्सरचा ताबा घेतला. आता आजारी माणसाला हटकावं का, या विचारात सून क्षणभर थांबली. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"दाखवाच, बाबा," ती म्हणाली. "पण असा तसा नको. लायब्ररीचा निळा दाखवा. उद्या करायचाच आहे, आज दुधात करा."

"दुधात काय, पाण्यात करीन."

मग त्यांनी काम सुरू केलं, आणि कामात त्यांना बघणं ही मजा होती, हे तिलाही मान्य करावं लागलं. पाकिटातून पावडर घ्यायची. चिमूटभर टाकायची, फिरवायचं, काडीने एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, फुंकर घालून वाळवायचा, खिडकीशी न्यायचा. "अजून हिरवा," म्हणायचं. पुन्हा चिमूट. पेला आकाशी झाला, मग गडद झाला, मग शाळेच्या गणवेशासारखा झाला. मुंगीचं तोंड उघडं पडलं. नवऱ्याला बघायला ताट नव्हतं, म्हणून त्याने टाइल्स बघितल्या. अर्धं पाकीट रिकामं झाल्यावर उस्तादांनी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर पट्टा ओढला, वाळू दिला आणि समाधानाने मान हलवली.

"हा! हा लायब्ररीचा. डोळ्याचं पारणं फिटतं की नाही?"

आणि सिद्ध करायला म्हणून त्यांनी पेला तोंडाला लावला. दोन घोट गेले तेवढ्यात सुनेने तो काढून घेतला. "एवढी पावडर पोटात घालायची नसते, पाकिटावर पाव चमचा लिहिलंय." उस्तादांचे ओठ, मिशीची टोकं आणि जीभ असं सगळं निळंशार झालं होतं. हसू कुणालाच आलं नाही.

ती पलंगाखालची पत्र्याची पेटी घेऊन आली. त्या पेटीत उस्तादांनी प्रत्येक मोठ्या कामाची एक पुठ्ठ्याची पट्टी जपली होती, उजेडाने उडू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून. मुलाला ते आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आले होते: माणूस विसरतो, पट्टी विसरत नाही. तिने हवी ती पुडी शोधली आणि त्यांच्या हातात दिली.

उस्तादांनी कागद सोडला. आतली पट्टी फिकी निळी होती. तिने सकाळी केलेल्या पेल्यासारखी, जवळजवळ तंतोतंत.

"ही हिरवी आहे," ते म्हणाले. "ही माझी नाही."

"मागे बघा."

मागे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वाचनालय, मोठा हॉल, आणि खाली तारीख.

"रंग उडालाय हिचा."

"काळ्या कागदात होती, बाबा. तुम्हीच गुंडाळलेली."

त्यांनी दोन्ही पुठ्ठे शेजारी धरले आणि खिडकीशी गेले. एकदा एक उजेडात धरला, एकदा दुसरा. तिला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. एखाद्याचं तंगडं मोडलं तर प्लास्टर घालता येतं. चाळीस वर्षांचा ताठा मोडला तर काय घालायचं? 

"दोन्हीतली एक चुकीची आहे," उस्ताद शेवटी म्हणाले.

"हो."

"पट्टी चुकत नाही."

 ते वळले. निळ्या मिशीखाली त्यांचा खालचा ओठ हलत होता, आणि त्यांच्याकडे बघून तिला रडू आलं. सासऱ्यासाठी आपल्याला रडू येतंय याचा तिला रागही आला.

"लायब्ररीच्या बाईंना सांग," ते मुलाला म्हणाले, "उस्तादांचे डोळे दुरुस्तीला टाकलेत. थांबणार असतील तर थांबा म्हणावं. नाहीतर ही पट्टी ने आणि त्या फ्रिजला दाखव."

स्वयंपाकघराच्या भिंतीबद्दल मात्र तिने तोंड उघडलं नाही. ती भिंत त्यांच्या पाठीमागेच होती. एका दिवसाला एक पट्टी पुरे.

बाई थांबल्या. पुढचे दिवस उस्ताद रोज सकाळी पेला पीत, पण डोळे मिटून, म्हणजे दवाखाना आठवत नाही. पाव चमचा पावडर, दूध, बदाम, खजूर, केळं. वजन दोन किलोने वाढलं. श्रेय शेवाळाला गेलं, बदाम बिचारे गप्प बसले.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि काळा चष्मा लावून उस्ताद घरी आले. पायरीवरच त्यांनी आपल्या मुलाला सांगितलं की तुझा हा शर्ट जांभळा आहे आणि तुला शोभत नाही. मग पाणी प्यायला म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेले. सून मागोमाग धावली, पण उशीर झाला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि ते भिंतीकडे बघत होते.

"ही कोणी रंगवली?"

"तुम्हीच, बाबा."

"कधीपासून आहे अशी?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं तुम्ही या बर्फाच्या कारखान्यात जेवलात? आणि एकालाही साधा रंगाचा डबा आणावासा वाटला नाही?"

तिने खाली वाकून सिंकखालच्या कपाटातून, फिनेलच्या बाटलीमागून, एक डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. त्याच्या झाकणावर दोन वर्षांची धूळ होती. "आणला होता. लोण्याचा."

"उघडला का नाही?"

"उघडला असता तर तुम्ही विचारलं असतं, कशाला म्हणून."

उस्तादांनी धूळ पुसली, झाकणावरची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम कडवट झाला. "मशीनचा?"

"हो."

"वर मशीनचा!" त्यांनी चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. आत जाड साय धरली होती आणि आंबट वास सुटला होता. "बरं झालं नासला," म्हणाले, पण झाकण लावताना त्यांनी ते फार हळू लावलं, आणि डबा फेकला नाही.

दुसरा डोळाही झाला. लायब्ररीचा हॉलही झाला, पट्टीशी ताडून, पहिल्या फटक्यात. मग एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढायला लावली. बादलीत पांढरा ओतला, पिवळा सोडला, काठीने ढवळला आणि भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टा ओढला. तो वाळेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"सूनबाई, जरा इकडे ये. बघ, कसा वाटतो?"

चाळीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. दारात नवरा उभा होता. छान म्हण, छान म्हण, असं तो नुसत्या ओठांनी तिला सांगत होता.

तिने हात पुसले, पट्ट्याजवळ गेली, मागे सरकली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"पिवळा जास्त झालाय," ती म्हणाली.

उस्तादांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"झालाय खरा," ते पुटपुटले. मग निळ्याची बाटली उचलून बादलीवर धरली आणि म्हणाले, "मी टाकतो. तू थांब म्हण."