साखरेच्या बेटावरची काहील

मी काहील बोलते आहे. उसाचा रस आटवायची, ओतीव लोखंडाची, चार माणसं आरामात बसतील एवढी मोठी. जपूनच बोलते, कारण ऐकणारा कुणाचा माणूस आहे ते मला ठाऊक नसतं.

विलायतेतल्या भट्टीत जन्मले आणि बोटीतून अँटिग्वा बेटावर आले. साहेबाच्या मळ्यात हंगामभर माझ्याखालचा जाळ विझत नसे. रस ढवळायला गुलाम असत. एखाद्याचा हात उकळत्या रसात गेला, की मुकादम आधी माझ्यात डोकवायचा, पाक नासला का ते बघायला. तेव्हापासून गोड वास आला की मी सावध होते.

पुढे गुलामी संपली म्हणे. चर्चमध्ये गाणी झाली. पण जमीन साहेबाची, ऊसही साहेबाचा. सोमवारी तीच माणसं त्याच जाळापाशी येऊन उभी राहिली. साखर बोटीतून जायची आणि पांढरीशुभ्र, महाग होऊन आमच्याच दुकानात परत यायची.

मळा मोडल्यावर तिथल्या एका मजुरानं, इस्मेच्या बापानं, मला आपल्या अंगणात आणलं, पावसाचं पाणी साठवायला. आमच्याकडे नद्या नाहीत. साऱ्या गल्लीची तहान माझ्यावर. बापामागे इस्मे माझी राखण करू लागली. रोज सकाळी झाकण सारून आधी पाण्याचा वास घ्यायची, मगच कुणाला बादली बुडवू द्यायची.

एके दिवशी किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलचे मॅनेजर पेंबर्टन केक घेऊन आले. त्यांना मी हवी होते, दारातल्या कारंज्यासाठी. बदल्यात गल्लीला नळ.

इस्मेचा भाचा ऑल्फर्ड त्या हॉटेलात वेटर होता. तो म्हणाला, "मावशी, हो म्हण. फुकट पाणी येतंय!"

"फुकट? मग तर नकोच. साहेबाची फुकटची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पुरते बाबा, फेडायला!"

शेजारणी चिडल्या. "तुझ्या संशयापायी आम्ही जन्मभर बादल्या वाहायच्या का गं?"

त्यापुढे इस्मेचं चाललं नाही. ट्रक आला तेव्हा ती घरातून बाहेरसुद्धा आली नाही.

हॉटेलात मला काळा रंग फासला, मध्ये कारंजं बसवलं. पाहुणे माझ्या काठावर बसून फोटो काढत. "किती सुंदर होते ते जुने दिवस!" एक बाई म्हणाली. मला तिचाही संशय आला.

मग पावसानं दडी मारली. गल्लीचे नळ कोरडे पडले, कारण पाणी हॉटेलच्या टाकीतूनच पुढे जात होतं आणि आता ते तिथंच अडवलं होतं. माझं कारंजं मात्र चालूच.

भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, इस्मे मोठ्या दारातून आत आली. मागे बादल्या घेतलेल्या शेजारणी.

पेंबर्टन धावत आले. "मिस इस्मे, हे शोभेचं पाणी आहे!"

"असू दे. ओलं आहे ना?"

"ऑल्फर्ड, बाहेर काढ यांना."

ऑल्फर्ड ताट घेऊन उभा होता. घरात दोन लेकरं, बेटावर दुसरी नोकरी नाही. त्यानं मावशीकडे पाहिलं. मग ताट टेबलावर ठेवलं, तिच्या हातातली बादली घेतली आणि माझ्यात बुडवली.

पाहुण्यांचे चमचे थांबले. कुणी फोटो काढू लागलं, तसे पेंबर्टन एकदम गोड हसले. संध्याकाळी गल्लीत पाणी आलं. ऑल्फर्डची नोकरी त्याआधीच गेली होती.

तो आता मासे पकडतो. मावशी त्याला मक्याच्या पिठाची फंजी रांधून वाढते, वर टोमणाही मारते, "खा, हे मात्र खरंच फुकट आहे." नळाला पाणी येतं, अजून तरी.

मी हॉटेलच्या दारातच आहे. कधी या बाजूला आलात तर माझ्या काठावर जरूर बसा, फोटोही काढा. फक्त त्याआधी जरा गल्लीत जाऊन इस्मेचा नळ सोडून बघा. धार लागली, तर बसा.