मागण्याची अदलाबदल

“नाना, ते टॉवेल राहू द्या आता. चादरी साचल्यात. आणि ताई आल्यात कामावर,” सुपरवायझर दारातूनच ओरडला आणि निघून गेला.

ताई रजेवर गेल्यापासून तो टॉवेलच्या ढिगाआड दडून बसला होता. टॉवेलची घडी एकटा माणूस घालतो, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हॉटेलातल्या मोठ्या चादरीचं तसं नसतं. दोन टोकं एकानं धरायची, दोन दुसऱ्यानं; ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत येऊन आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. दर चादरीला समोरासमोर. या लाँड्रीत नाना आणि ताई ही जोडी अशी जमली होती की झटका कधी द्यायचा हे सांगावं लागत नसे.

दोघांचे देव वेगळे. त्यावरून सुरुवातीला टोमणेही पुष्कळ झाले. दुपारच्या सुट्टीत मशिनं थांबली की कोठीच्या खोलीत नाना खिडकीशी उभा राहून, हात जोडून ओठातल्या ओठात पुटपुटायचा, ताई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून डोळे मिटायची. आधी एकाची प्रार्थना होईपर्यंत दुसरा दाराशी राखण करायचा. पुढे दोघं एकदमच प्रार्थना करू लागली. “तुमच्या देवाला बोलायला लागतं, माझ्याला गप्प बसलेलं चालतं. भांडायचं कशाला?” ताई म्हणायची. खरं सांगायचं तर नानाला घरी देवापुढे उभं राहून जे कधी लाभलं नाही ते त्या साबणाच्या वासाच्या खोलीत, शेजारी ताईचा श्वास ऐकताना लाभायचं. हे तो कुणाला बोलला नव्हता. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग संकट आलं, तेही दोघांवर एकदमच. नानाच्या बायकोच्या फुफ्फुसात पाणी झालं आणि ताईच्या तरण्याताठ्या पोराचं लिव्हर काविळीत निकामी होत चाललं. एका दुपारी नाना वैतागून म्हणाला, “माझ्या रडगाण्यानं देवाचे कान किटलेत हो.”

“माझ्याकडे काय वेगळं आहे?” ताई म्हणाली. मग जरा थांबून, “असं करू या. अदलाबदल. तुम्ही माझ्या पोरासाठी मागा, मी वहिनींसाठी मागते. आपल्या माणसासाठी कुणीही मागतं. परक्यासाठी मागितलेलं तरी ऐकतील.”

नानाला पटलं. त्यानं शब्द दिला, आणि नाना म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा माणूस, हट्टी म्हणा हवं तर. बायको ऑक्सिजनवर असतानाही, जिभेवर आलेलं तिचं नाव गिळून तो ताईच्या पोराचंच नाव घेत राहिला.

बायको बरी होऊन घरी आली. पोरगा गेला.

आता ताईला तोंड कसं दाखवायचं? तिच्या देवानं याचं माणूस राखलं आणि याच्या देवानं तिचं पोर जाऊ दिलं. “खरंच मागितलंत का हो?” असं तिनं विचारलं तर? मग कसली दुपार आणि कसली ती खोली. सगळंच संपलं. मयतीलाही तो गर्दीत मागेच उभा राहिला होता.

ताई टेबलाशी उभी होती. पार वाळली होती. तिनं ढिगातली चादर उपसली आणि दोन टोकं पुढे केली. नानानं ती धरली.

पहिली चादर न बोलता झाली. दुसरीही. तिसरीला जवळ आल्यावर ताईनं विचारलं, “वहिनी कशा आहेत?”

“बरी” हा एवढासा शब्द, पण तो काही नानाच्या तोंडून निघेना.

“आहे,” तो म्हणाला.

“जेवतात?”

“थोडं थोडं.” आणि मागे सरता सरता त्याला राहवलं नाही. “ताई, मी मागितलं होतं हो! शपथेवर सांगतो. एक दिवस चुकवला नाही. माझ्याच देवानं तोंडघशी पाडलं, त्याला मी काय करू?”

ताईच्या हातून टोकं सुटली.

“मी नव्हतं मागितलं, नाना.”

“काय?”

“वहिनींसाठी. डोळे मिटले की पोरच दिसायचं. वहिनींचं नाव घ्यायला जायची आणि त्याचंच यायचं. मग तेच मागत राहिले. तुम्हाला मात्र सांगत होते, मागते म्हणून.” तिचा आवाज अगदी कोरडा होता. “शब्द मोडला मी. म्हणूनच नेला त्याला.”

नानाच्या डोक्यात सणक गेली. “म्हणजे माझी बायको वाऱ्यावरच होती? मी तुझ्या पोरासाठी घसा फोडत होतो आणि तिला कुणीच नव्हतं?” इतक्या वर्षांत त्यानं ताईला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

“कुणीच नव्हतं. बोला. काय बोलायचं ते बोलून घ्या.”

बोलायला पुष्कळ होतं. पण ती मान खाली घालून उभी होती, मारकुट्या मास्तरासमोर उभं राहावं तशी, आणि नानाला ते बघवेना. तो चादरीच्या ढिगावर मटकन बसला.

“ताई,” तो म्हणाला, “शब्द मोडला म्हणून न्यायचंच होतं, तर माझी बायको जायला हवी होती. तिच्यासाठी कुणी मागणारंच नव्हतं. ती घरी बसून दूध पितेय. तुमच्या पोरासाठी दोघं होतो.”

ताईनं मान वर केली. “तुमच्याकडेही त्याचंच नाव होतं? एवढ्या दिवसांत वहिनींचं एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

“दोन्हीकडे त्याचंच?”

“दोन्हीकडे.”

“आणि दोघांनाही पाझर फुटला नाही,” ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मयतीला तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती हुंदक्यांनी गदगदत होती.

दुपारी दोघं कोठीच्या खोलीत गेली. नाना खिडकीशी उभा राहिला नाही, ताईशेजारी खालीच बसला. दोघांपैकी कुणीच काही मागितलं नाही. भोंगा झाल्यावर उठून पुन्हा चादरींना लागली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शेजारीण येऊन बसली होती, आणि बायको उशीला टेकून तिला सांगत होती, “यांनी देव पाण्यात घालून ठेवले होते हो माझ्यासाठी. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.”

शेजारीण गेल्यावर बायकोनं कौतुकानं विचारलं, “काय म्हणायचात हो देवाला? सांगा की.”

खोटं बोलता आलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण आजच्या दिवसानंतर नानाला ते जमेना. त्यानं सगळं सांगितलं.

बायको ऐकत राहिली. “मी इतकी जायला टेकले होते, तरी?” तिनं विचारलं.

“तरी.”

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नाना तिच्या अंथरुणाशी बसला. आता अदलाबदलीचा शब्द उरला नव्हता, म्हणून त्यानं हात जोडले आणि तिचं नाव घेतलं. तिची पाठ संथपणे खालीवर होत होती. पुढे काय मागावं, ते त्याला सुचेना.