डोळ्यांची उघडझाप

पोरगा चोवीस वर्षांचा, नारळावर चढून उतरला तरी धाप लागत नाही, आणि म्हणतो, "आई, मला आयुष्मान कार्ड काढायचंय. तुझा फोन दे." धडधाकट माणसाला दवाखान्याचं कार्ड कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली.

तसा संशय सोमवारपासूनच होता. निकेतने घरातसुद्धा काळा गॉगल लावायला सुरुवात केली होती. डोळे आलेत म्हणाला. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाचे आले नव्हते, मी चौकशी केली. जेवायला पाठ करून बसायचा. सकाळी चहा हनुवटीवर ओघळला तो बाहीने पुसला. बोलणंही जड येत होतं. मी ताडलं, हा प्यायला लागलाय. शेजारच्या रिक्षावाल्या परेशचा नाद, दुसरं काय! मी त्याची गादी उचलून बघितली, शर्ट हुंगले. वास कसलाच आला नाही. म्हणजे बेटा हुशारीने पितोय.

आणि आता फोन हवा. त्याच्या आधारला नंबर माझा जोडलेला, ओटीपी माझ्याकडेच येणार.

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," मी म्हटलं.

"मी काय परका आहे?"

"घरातलेच आधी बुडवतात. माझ्यासमोर बस. आकडे मी घालीन, फोटोही मीच काढीन."

तो एकदम नको म्हणायला लागला. मग तर खात्रीच पटली. माझ्या नावावर कर्जबिर्ज काढत असणार. मी त्याला ओटीवर उजेडात बसवलं. रेशनकार्डाच्या नंबरावर त्याचं नाव सापडलं, आकडे घातले. मग चेहऱ्याची पडताळणी आली. चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा.

"गॉगल काढ."

"राहू दे गं, उद्या करू."

मीच ओढला.

"मीट डोळे." उजवा मिटला, डावा उघडाच. "चाळे नकोत, नीट मीट." त्याने सगळा जोर लावला. अर्ध्या कपाळावर आठ्या पडल्या, अर्धं तसंच गुळगुळीत राहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि डावा डोळा माझ्याकडे बघतच राहिला. फोन सांगत होता, पुन्हा प्रयत्न करा.

"लकवा आहे, आई," तो म्हणाला. "कार्ड झालं की सांगणार होतो. बाबांच्या आजारपणात तू खालची वाडी विकलीस. आता माझ्यासाठी वरची पण विकशील."

मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. "वाडी गेली खड्ड्यात!" मी ओरडले आणि कुंपणावरून परेशलाच हाक मारली. त्याने विचारपूस न करता रिक्षा काढली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने निकेतला शीळ घालायला सांगितली. शीळ वाजलीच नाही, नुसती हवा गेली.

"कधीपासून?"

"कालपासून," निकेत म्हणाला.

"सोमवारपासून," मी म्हटलं. "सकाळच्या चहापासून."

आज शनिवार होता. "चेहऱ्याची शीर सुजलीय. मेंदूचा लकवा नाही, घाबरू नका. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर जास्त गुण आला असता. आता किती भरून येतं ते बघायचं."

"माझं कार्ड अजून झालं नाहीये," निकेत हळूच म्हणाला.

"ह्याला कार्ड कशाला? बाहेरच्या खिडकीवर केसपेपर दाखवा, गोळ्या फुकट मिळतील."

निकेत हसला. हसू एकाच गालावर आलं. पाच दिवस मी डोळ्यात तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवली होती.

डॉक्टरीण लिहिता लिहिता मला म्हणाली, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का हो?"

"आलं होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, पितो."