सातपुड्याचा श्वास, क्रमांक सात

अक्कलकुव्याच्या हारुनकडे एक जुना जपानी बाजा होता. सुरतेची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा, चाळीसएक वर्षांपूर्वी, त्याने तो घेतला होता. आजच्या कीबोर्डासारखा तो नव्हता. एका वेळी एकच स्वर वाजायचा, दोन पट्ट्या दाबल्या की एक गप्प बसायची. पुढे चोवीस गोल बटणं, त्यांतली पाच हारुनने जुन्या रेडिओची काढून बसवलेली. तापला की स्वर चढायचा, म्हणून लग्नसराईत हारुन त्यावर ओलं गोणपाट टाकायचा. पण त्या चढलेल्या, किंचित घोगऱ्या आवाजावर मोलगीपर्यंतच्या डोंगरातली लग्नं नाचत. नवे कीबोर्डवाले आले, गेले. डोंगरातली माणसं "हारुनभाईचा बाजा" असंच सांगून सुपारी द्यायची.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून धर्मेंद्र आला. तो स्वतःला ध्वनिसंशोधक म्हणवून घ्यायचा. त्याच्या गळ्यात हेडफोन आणि अंगात खादीचा कुर्ता होता. कुर्त्याला इस्त्री केलेली असली तरी ती केलेली नाही असं वाटावं, याची काळजी घेतलेली.

"हारुनभाई, हा ठेवा आहे. आपल्याला याचं जतन करायचंय."

जतन म्हणजे काय, तर एकेक पट्टी दहा-दहा सेकंद दाबून धरायची आणि धर्मेंद्रने तिचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. मग ते आवाज संगणकात भरले की कोणालाही, कुठेही, हारुनच्या बाजासारखा आवाज काढता येणार. वायर थेट जोडता आली असती, पण धर्मेंद्रला "स्पीकरभोवतीची हवा" हवी होती. म्हणून घरातला पंखा बंद करून, माइक स्पीकरपुढे ठेवून, दोन दिवस हे चाललं. हारुन घामाने निथळत पट्ट्या दाबत होता. शेवटी त्याने एका इंग्रजी कागदावर सही केली आणि धर्मेंद्रने बाकरवडीचा पुडा हातात ठेवला.

"पुण्यामधला मानूस घर शोधत उना," हारुन महिनाभर चौकात सांगत होता. त्याला मनापासून अभिमान वाटला होता.

गेल्या मे महिन्यात जामसिंग गुरुजींच्या भाचीचं लग्न झालं. जामसिंग डोंगरातल्या शाळेत शिक्षक. त्यांनी हारुनच्या वाजवण्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. तिसऱ्या दिवशी तो गायब झाला. गुरुजी फोन घेऊन थेट हारुनच्या घरी आले.

"हारुनभाई, तुम्ही चोरीचा आवाज वाजवला का?"

"मन्हा बाजा, मन्हा हात. मंग चोरी कसानी?"

गुरुजींनी पडद्यावरची नोटीस मराठीत करून सांगितली. व्हिडिओतला आवाज 'सातपुड्याचा श्वास' नावाच्या संग्रहातला असून त्याचे सर्व हक्क धर्मेंद्र यांच्याकडे आहेत. गुरुजींनी धर्मेंद्रला पत्र लिहिलं. उत्तर फार नम्र आलं: 'आपल्या वादनाचे आमच्या ध्वनींशी विलक्षण साधर्म्य आढळते. कृपया परवाना घ्यावा. दुर्गम भागातील कलावंतांना विशेष सवलत आहे.'

हारुन दोन दिवस बाजाजवळ गेला नाही. साबिरा, त्याची बायको, मात्र पत्र ऐकून म्हणाली, "साधर्म्य म्हणजे काय?"

"सारखेपणा," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे पोराचं तोंड बापासारखं, तर बापानेच परवाना काढायचा?"

तेवढ्यात कळलं की धर्मेंद्र नंदुरबारला येतोय. 'लुप्त ध्वनींचा सोहळा' अशी पत्रिका होती. साबिराने नवी ओढणी काढली आणि तिघं जीपने निघाले.

सभागृहात पंखे बंद होते. ध्वनीचं पावित्र्य म्हणे. धर्मेंद्रने लॅपटॉप उघडला, मोठ्या पडद्यावर डोंगराचं चित्र आलं. त्याने हारुनचं नाव घेतलं नाही. "एका अनाम कारागिराकडे हे वाद्य मरणासन्न अवस्थेत सापडलं" एवढंच सांगितलं. अनाम कारागीर चौथ्या रांगेत बसून टोपीने वारा घेत होता.

"आता ऐका, क्रमांक सात. परदेशातले संगीतकार यासाठी वेडे झालेत. पट्टी पूर्ण दहा सेकंद धरली की स्वरामागे एका आदिवासी स्त्रीची प्रार्थना उमटते. मी ती फक्त थोडी संथ केली आहे. 'दाय' असा उच्चार आहे. दाय म्हणजे बहुधा आदिमाता."

त्याने पट्टी दाबली. घोगरा स्वर भरून आला आणि त्याच्या तळातून एक लांबट बाईचा आवाज घुमला. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापिकेने डोळे मिटले.

साबिराने हारुनला कोपर मारलं. "वं माय! तो तर मन्हा आवाज शे!"

"खाली बस," हारुन कुजबुजला. त्याला भर सभेत लाजल्यासारखं झालं होतं. पण ती उभी राहिली होती.

"साहेब, ते भराभर वाजवा ना जरा. मूळ जसं होतं तसं."

धर्मेंद्रला ती कोण ते आठवेना. पण श्रोत्यांनीही आग्रह धरला, तेव्हा त्याने वेग मूळपदावर आणला. सभागृहात स्वच्छ ऐकू आलं: "जमनाबाई वं, गॅस सरी गया! तुन्हा चुल्हावर दाय ठेवू का?"

नंदुरबारकरांना अहिराणीचं भाषांतर लागत नाही. मागच्या रांगा आधी हसल्या, मग सगळंच सभागृह. हारुन पट्ट्या दाबत असताना, माइक चालू असताना, साबिराने गॅस संपला म्हणून शेजारणीला डाळीचं विचारलं होतं, एवढाच तो मंत्र. प्राध्यापिकेने डोळे उघडले आणि वहीत लिहिलेलं हळूच खोडलं.

दुसरा कोणी असता तर मान खाली घातली असती. धर्मेंद्रने हात पसरले. "मित्रहो, हेच तर लोकजीवन! प्रार्थना आणि पाककृती इथे वेगळ्या नाहीतच!" टाळ्या पडल्या. त्याने साबिराला व्यासपीठावर बोलावून शाल पांघरवली आणि दोन शब्द बोलायला माइक दिला.

साबिराने माइक सोडला नाही. "शाल राहू द्या. अनाम कारागीर तो बसलाय, हारुन त्याचं नाव. त्याच्याच बाजाचा आवाज त्याला वाजवायला बंदी केली तुम्ही. गुरुजींचा व्हिडिओ कधी सोडता, ते या सगळ्यांसमोर सांगा."

फोन वर झाले होते, चित्रण चालू होतं. धर्मेंद्रने ते पाहिलं आणि तो म्हणाला, "आजच."

अकरा दिवस लागले. पेपरात मात्र दुसऱ्याच दिवशी फोटो आला: 'आदिवासी गायिका साबिराबाई यांचा सत्कार.' अक्कलकुव्याच्या मोमीन मोहल्ल्यात त्यावर आठवडाभर चहा झाला. संग्रहाची नवी आवृत्तीही निघाली. त्यात क्रमांक सातखाली लिहिलं होतं, 'अस्सल स्वयंपाकघरातील ध्वनी', आणि किंमत वाढली होती. साबिराने आपला आवाज काढून टाकायला सांगणारं पत्र गुरुजींकडून लिहवून घेतलं, खाली सही केली, रजिस्टर पोस्टाने पाठवलं. अजून उत्तर नाही. ती दर महिन्याला नवं पाठवते.

व्हिडिओ परत आला त्या दिवशी जामसिंग गुरुजी धावतच खाली आले. गावकऱ्यांनी टेकडीवर, रेंज येते तिथे, एका फोनभोवती बसून तो पाहिला होता. गुरुजींनी तो हारुनलाही दाखवला.

हारुनने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. मग मागे नेऊन पुन्हा पाहिला. त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"तिसऱ्या फेरीत सूर चुकलाय मन्हा. किती लोकांनी पाहिलं म्हणालात?"

"चार हजार."

"गुरुजी," हारुन हात जोडून म्हणाला, "हा परत बंद नाही का करता येणार?"