देवानंदमामांच्या वह्यांची मुदत

धम्मशीला फार्मसीचा डिप्लोमा पास झाली, तेव्हा तिच्या देवानंदमामांनी पेढे आणले नाहीत. निळ्या कापडात बांधलेल्या तीन वह्या आणल्या. मामा धाड गावच्या सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते पेढे कोणीही आणतो.

"या वाचून सात जण नोकरीले लागले," मामा म्हणाले. "आठवी तू."

डिप्लोमानंतर अजून एक परीक्षा होती. ती निघाली की नोंदणी, आणि मग नावापुढे 'फार्मासिस्ट'. हा शब्द घरात अजून कोणाच्या नावाला लागला नव्हता. परीक्षेला दोन महिने उरले होते.

धम्मशीलेने वह्या उघडल्या. एक्क्याण्णव सालच्या. अक्षर इतकं सुंदर, की चूक असली तरी खरी वाटावी. आणि चुका होत्या. पहिल्याच पानावरच्या दोन औषधांची विक्री केव्हाच बंद झाली होती. कायद्याचा भाग तर पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांच्या आधीचा.

"आई, हे जुनं झालं वं," ती हळूच म्हणाली.

"मंग तूच सांग मामाले," जनकाबाई भाकर थापत म्हणाल्या. "मी नाही सांगत. मले भाऊ एकच आहे."

धम्मशीलेचीही हिंमत झाली नाही. तिने चालू अभ्यासक्रम कम्प्युटरवाल्याकडून छापून घेतला आणि मामांना म्हणाली, "बुलडाण्याले चला माझ्यासंगं. जोडीले एक-दोन पुस्तकं पाहू." मामा इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत बसले.

पुस्तकांच्या दुकानात मालक अनंतरावांनी एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. "ताजी आवृत्ती. सगळे हेच नेतात."

मामांनी ते उघडलंच नाही. उजेडात तिरकं धरलं आणि 'नवीन आवृत्ती' अशा चिकटवलेल्या चिठ्ठीचा कोपरा नखाने खरवडला. खालून २०१७ साल निघालं.

"काका, पुस्तक आहे हे," अनंतराव म्हणाले. "गोळ्यांचं पाकीट नाही."

"पाकिटावर बी नवी तारीख अशीच चिटकवत होते. माझी नोकरी हेच उकलण्यात गेली."

"वरून आलं तसंच ठेवलं हो आम्ही."

"गोळ्या पुरवणारे बी असंच म्हणत."

मग तपासणी सुरू झाली. मामा छपाईची तारीख पाहत, धम्मशीला छापील अभ्यासक्रमाशी धडे ताडून पाहे, कायद्याचं पान आणि बंद औषधांची यादी वाचे. चौदा पुस्तकांतून तीन उरली. तोवर मागे चार विद्यार्थी हातात पुस्तकं घेऊन उभे राहिले होते. "काका, माझंबी पाहा ना." अनंतरावांनी घाईघाईने चहा मागवला. मामांनी चहा घेतला आणि तपासणी चालू ठेवली.

परतीच्या एसटीत मामा खुशीत होते. "ध्यानात ठेव पोरी. औषध असो का पुस्तक, देणारा कितीबी जवळचा असो, आधी तारीख पाहायची."

धम्मशीला त्यांच्याकडे वळली. "मामा, तुमच्या वह्या एक्क्याण्णवच्या आहेत."

मामांनी खडखडणारी खिडकी ओढून लावली.

"किती चुकल्या?"

"पहिल्या पानावरच दोन औषधं बंद झालेली."

"अन् कायदा?"

"सगळाच बदलला."

"डोसाचं गणित?"

"ते जसंच्या तसं बरोबर आहे. ते मी तुमचंच करणार."

"हे मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यली, का अभ्यासक्रम पाहून?"

"पाहून."

"दाखव."

तिने कागद काढून त्या ओळीवर बोट ठेवलं. मामांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "मंग इतके दिवस काऊन बोलली नाही वं?"

"तुमच्या मनाले लागलं असतं."

"परीक्षा माझ्या मनाची आहे, का तुझी?"

निकाल लागला. धम्मशीला पास झाली. बाजाराच्या दिवशी शेजारचे शेषराव भेंडी निवडता निवडता म्हणाले, "देवानंद, शेवटी तुझ्या वह्यांनीच पोरीले तारलं बे!"

"काय तारलं?" मामांनी छाती पुढे काढली आणि आवाज चार दुकानांपर्यंत जाईल असा लावला. "नापास केल्या तिनं माह्या वह्या! पहिल्याच पानावर! एवढ्या वर्षांत डॉक्टरची बी छाती झाली नव्हती!"