दुप्पट अधिक तीस

सकाळी दहाला बाळाचं अंग गरम लागलं. नणंदेने दिलेला नवा थर्मामीटर काखेत धरला. सेल्सिअसमध्ये ३८. डॉक्टरीणबाई मात्र फोनवर फॅरनहाइटमध्ये बोलल्या होत्या : "एकशे दोनच्या वर असेल तर तडक घेऊन या. नाहीतर औषध द्या आणि तासाभराने पुन्हा बघा."

"सोपं आहे गं," सासरे पेपरातून डोकं काढत म्हणाले. त्यांनी तीस वर्षं बेकरी चालवली. पुस्तकातल्या कृती सेल्सिअसच्या, भट्टीचा काटा फॅरनहाइटचा. "दुप्पट करायचं, तीस मिळवायचे. शहात्तर आणि तीस, एकशे सहा."

एकशे सहा! दुपटी पिशवीत कोंबली, एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. तेवढ्यात बाळाकडे बघितलं. एकशे सहा ताप असलेलं लेकरू आजोबांचा चष्मा ओढून खिदळत होतं.

मी थर्मामीटर स्वतःला लावला : ३६.८. म्हणजे मला एकशे तीनच्या वर. सासूबाईंना ३६.५, म्हणजे एकशे तीन.

"तरी म्हणतेय कधीची, कणकण वाटतेय," सासूबाई लगेच सोफ्यावर आडव्या झाल्या.

"आई, उठा. तुम्ही ठणठणीत आहात. ताप हिशेबाला आलाय."

औषधाच्या खोक्यावरच मांडलं. बर्फ इथे शून्य, तिथे बत्तीस. उकळतं पाणी इथे शंभर, तिथे दोनशे बारा. म्हणजे इथे शंभर चढलं की तिथे एकशे ऐंशी. एकाला एक पूर्णांक आठ, दोन नव्हे. वर बत्तीस. बाळाचा ताप शंभर पूर्णांक चार. म्हणजे एकशे दोनच्या आतच. मग बाळाला औषध पाजलं.

"थोडं इकडेतिकडे चालतं गं," सासरे पुटपुटले.

"हवेला चालतं, बाबा. दहा अंशांना तर अगदी बरोबर येतं. पण वर जाल तशी चूक वाढत जाते."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "बिस्किटांच्या एकशे ऐंशीला किती होते?"

"खरे तीनशे छप्पन्न. बाबांचे तीनशे नव्वद."

"अहो, म्हणजे बिस्किटं भट्टी करपवत नव्हती तर! दोन भट्ट्या बदलल्यात तुम्ही!"

सासऱ्यांनी पेपर उघडला, उलटा.

तासाभराने आकडा आला ३७.२.

"म्हणजे चौऱ्याहत्तर आणि..." पेपरामागून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "तिला मोजू दे."